यानाले एन्ट्रीच नाही

जवळजवळ दोन वर्षं मी एका माणसाच्या डोळ्यांचा आजार सिनेमाची समीक्षा समजून ऐकत होतो. नुसता ऐकत नव्हतो, दाद देत होतो. वर माझी पदवी भौतिकशास्त्राची, नोकरी बुलढाण्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात, आणि तिथे प्रकाशाचे धडे शिकवतो तो मीच. भिंग, किरण, डोळ्याची आकृती, सगळं फळ्यावर रंगीत खडूनं काढतो. आकृतीत बुबुळाला नाव द्यायला विसरलेल्या पोराचा मी अर्धा मार्क कापतो. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसेनासं होत चाललंय, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

त्या माणसाचं नाव गुणवंतभाऊ. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मूळचे अमडापूरचे, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी बुलढाण्याला येऊन त्यांनी भाजीबाजारात अडत टाकली, दलालीवर माल विकायची. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या ओट्यावर उतरायचा आणि गुणवंतभाऊ उभ्या उभ्या त्याची जात, वय आणि खोड सांगायचे. साठी ओलांडल्यावर ओटा पुतण्याकडे दिला, पण सकाळची चक्कर सुटली नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पंकज पुण्याला. घरात भिंतभर टीव्ही, त्याच्यासमोर दोन खुर्च्या. एक त्यांची. दुसरी रिकामी असायची, ती हळूहळू माझी झाली.

या माणसाला एकच नाद होता. अंतराळाचे, यंत्रमानवांचे, परग्रहावरच्या लढायांचे नवे सिनेमे पाहायचे आणि ते कसे खोटे आहेत ते सांगायचं. सिनेमा हिंदीत डब केलेला असो की मुळातला, त्यांना फरक पडत नसे, कारण गोष्ट ते ऐकतच नसत. ते माल पाहत.

"वजनच नाही बे त्याले," हे त्यांचं पालुपद. 'बे' पडद्याला, मला 'सर'. "पाहा सर, एवढं मोठं यान उतरलं, खाली धूळ दबली का? मेथीची जुडी टाकली तरी ओट्यावर आवाज होते. हे गाव भरून लोखंड उतरलं अन् गवताची काडी वाकली नाही."

परग्रहावरच्या राक्षसाबद्दल त्यांचं मत असं की अंग दोडक्याचं आहे, पण पाण्यात ठेवलेल्या दोडक्याचं. चकाकणारी शहरं म्हणजे तेलाचा हात फिरवलेली वांगी. "वरून ताजा, आतून पोकळ. गिऱ्हाईक घरी नेऊन कापन तवा कळन." जुने पौराणिक सिनेमे त्यांना चालायचे. त्यात दोन बाण आकाशात समोरासमोर भेटत आणि ठिणगी पडे. "भेटले हे समजे तरी. आता काय कशाले लागलं हेच समजत नाही. नुसता धूर."

माझी बायको एकदा चिवडा घेऊन आली, दाराशी थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही दोघं सिनेमा पाहता की पंचनामा करता?"

"पंचनामा माणूस मेल्यावर करतात, सूनबाई," गुणवंतभाऊ म्हणाले. "हे जलमलंच नाही."

आता या नादाचं मूळ सांगितलं पाहिजे. पंकज पुण्यात सिनेमाच्या या संगणकी करामतींच्याच धंद्यात आहे. सिनेमातला माणूस हवेत उडतो तेव्हा त्याला दोऱ्यांनी टांगलेलं असतं. त्या दोऱ्या एकेका चित्रातून पुसायच्या, हे पंकजचं काम. परदेशी सिनेमांचंही हे काम पुण्याला येतं. बापाची इच्छा होती की पोरानं ओटा सांभाळावा. त्यावरून पुष्कळ वाजलं. "लोकायचे पोट्टे काही बनवतात, माहं पोट्टं खोडते," असं ते बाजारात हसून सांगत. घरी हसत नसत.

बोलणं तुटायच्या बेताला आलं होतं, तेव्हा हा सिनेमाचा धागा सापडला. शनिवारी सिनेमा पाहायचा, रविवारी सकाळी पंकजला फोन लावायचा आणि तक्रार करायची. "ऐक, तुमचा माल बरोबर नाही," अशी सुरुवात. मग यानाचं वजन, राक्षसाची चाल, आगीचा रंग. पंकज उलट वाद घालायचा. तासभर चालायचं. जेवलास का, पगार झाला का, लग्नाचं काय, यातलं काही ते एकमेकांना विचारत नसत. विचारायची गरज पडत नसावी. फोन ठेवल्यावर गुणवंतभाऊंना भूक लागायची.

सिनेमा संपला की मला मात्र एक प्रश्न ठरलेला असे. "दोरी कुठं दिसली का, सर?"

"नाही, भाऊ."

"नाही ना," असं म्हणून ते गुडघ्यावर थाप मारून उठत. जगातल्या सगळ्या सिनेमांवर तक्रार करणाऱ्या या माणसानं दोरीची तक्रार कधी केली नाही.

मग तक्रारींचा रोख बदलू लागला. मला वाटलं, टीका खोल होत चालली आहे.

आधी दिवे आले. "प्रत्येक दिव्याभवती रंगीत कडं काढून राह्यले आजकाल. यानाचा दिवा, बंदुकीचा दिवा, सगळ्यायले कडं. हा काय लग्नाचा मंडप आहे?" मला पडद्यावर कडं दिसत नव्हतं. पण शिक्षक माणूस 'मला दिसत नाही' असं म्हणण्याऐवजी कारण देतो. मी त्यांना प्रकाशाचं विवर्तन समजावून सांगितलं. कागदावर आकृती काढली. कॅमेऱ्याच्या भिंगामुळे असं होतं आणि हल्ली दिग्दर्शक ते मुद्दाम ठेवतात, असंही ठोकून दिलं. गुणवंतभाऊंनी ते त्या रविवारी पंकजला ऐकवलं, सरांचं नाव घेऊन. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आपलं ज्ञान पुण्यापर्यंत जातंय.

मग एन्ट्री गेली. "पह्यले यान कसं यायचं? एका कडेनं नाक दिसे, मग पोट, मग शेपूट. बैलगाडी गल्लीत शिरल्यासारखं. आता यानाले एन्ट्रीच नाही. एकदम पुढ्यात उभं. विहिरीतून निघाल्यावाणी."

"संकलनाची नवी शैली आहे, भाऊ," मी म्हणालो. "प्रेक्षकाला दचकवायचं."

"मग मी लय दचकून राह्यलो," ते म्हणाले. मी हसलो. चांगलं वाक्य होतं.

मग आला अंधार. "अंधार करून चुका झाकतात सर हे लोक. सडका माल कवा विकतात? दिवेलागणीले. सकाळच्या उन्हात विकून दाखवा म्हणा." हे तर मला शंभर टक्के पटलं. नवे सिनेमे काळोखे असतात अशी ओरड सगळीकडेच आहे. आम्ही दोघांनी मिळून टीव्हीचा उजेड वाढवला. पुढच्या महिन्यात आणखी वाढवला. शेवटी पडदा असा पांढराफटक झाला की मलाच डोळ्यांवर हात धरावा लागे. गुणवंतभाऊ म्हणत, "आता जराकसं ठीक आहे."

एकदा आम्ही गावातल्या टॉकीजला गेलो, तर मध्यंतरात ते पायरीवर अडखळून गुडघ्यावर आपटले. टॉकीजवाल्यानं पायऱ्या बदलल्या, असं त्यांचं म्हणणं. मी तावातावानं मॅनेजरकडे गेलो. वृद्धांची सोय, सुरक्षितता, सगळं बोललो. मॅनेजर पान चघळत ऐकत होता. मग म्हणाला, "पायऱ्या माह्या आज्यानं बांधल्या, सर. तवापासून तिथंच आहेत." बाहेर येऊन मी गुणवंतभाऊंना सांगितलं की माणूस खोटारडा आहे.

बाजारातही ते माल हातानं चाचपून पाहायला लागले होते. वांगं उचलायचं, अंगठ्यानं दाबायचं, नाकाशी न्यायचं. लोक म्हणत, भाऊला आता नजर टाकायचीही गरज नाही. मीही म्हणत असे.

हे सगळं उघडकीला आलं ते माझ्या चष्म्यामुळे. माझा नंबर बदलायचा होता. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे निघालो, तर गुणवंतभाऊ म्हणाले, "चला, येतो मी बी. येताना भजे खाऊ." माझी तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, "काका, तुमचे कधी तपासलेत?"

"मोतीबिंदू असन," ते म्हणाले. "आमच्या अमडापुरात सगळ्यायले होते. पिकला की काढू."

बाईंनी बॅटरीचा झोत टाकला. पुन्हा टाकला. मग डोळ्याचा दाब मोजला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच बंद झालं. आतल्या खोलीत एक यंत्र होतं. अर्ध्या भोपळ्यासारखा पांढरा डबा, त्यात हनुवटी टेकवून बसायचं. आत इकडे तिकडे ठिपके चमकतात, ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराच्या पडद्याच्या अलीकडे बसलो होतो. बटणाचा आवाज ऐकू यायचा होता. येत नव्हता. बऱ्याच वेळानं एकदा टक झालं.

"बाई," आतून गुणवंतभाऊंचा आवाज आला, "तुमच्या मशीनचे कडेचे दिवे गेले. मधातले तेवढे चालू आहेत, अन् ते बी मंद. वायरमन बोलवा."

मशीन चांगली होती.

बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. यानं जे नेलं ते नेलं, ते परत येत नाही. उरलं आहे ते सांभाळायचं, रोज थेंब घालायचे, शस्त्रक्रियेचं नंतर बघू. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली असतील यांना. कधी कुणाला बोलले नाहीत का?"

"मला बोलले होते," मी म्हणालो.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी विवर्तन समजावून सांगितलं."

बाई बराच वेळ कागदावर औषधं लिहीत राहिल्या.

भजी खायची राहून गेली. घरी परतताना गुणवंतभाऊंनी माझा कोपर धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "रस्ता खराब आहे," ते म्हणाले. रस्ता नवा होता, डांबराचा वास अजून गेला नव्हता. मी म्हणालो, "हो, फार खराब आहे."

त्यांच्या घरी खुर्चीत बसल्यावर मी म्हटलं, "पंकजला फोन लावू या."

"नाही."

"अहो, त्याला सांगायला नको का?"

"नाही म्हणलं ना."

"मग मी सांगतो."

"सांगून पाहा. मधातली भिंत उंच करून घेईन, सर. तुमचं तोंड पाहणार नाही." मग स्वतःशीच बारीक हसले. "तसं बी किती दिसन, काय माहीत."

मला राग आला होता, त्यांचा की माझा ते कळत नव्हतं. "तुम्हाला तो इथे यायलाच हवा होता ना? इतकी वर्षं तेच तर म्हणत होता."

"म्हणूनच नाही सांगत." त्यांनी चपला पायानं चाचपत जोडीनं लावून ठेवल्या. "लय बोलावलं त्याले. रागावून बोलावलं, गोड बोलून बोलावलं, त्याच्या मायच्या तेरवीत लोकायसमोर बोलावलं. आला नाही. बरोबर केलं त्यानं. आता एक शब्द बोललो तं उद्या बस धरते, मले माहीत आहे. काम सोडून येईन, अन् मग जिंदगीभर मले हात धरून संडासले नेईन. असं आणलेलं पोट्टं काय कामाचं?"

टीव्ही बंद होता. त्या काळ्या पडद्याकडे तोंड करून ते बसले होते आणि मी त्यांच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोड काढली. "मले आता पोत्याले भोक पडते ना, तेवढ्यातून दिसते. त्यात सिनेमा मावत नाही. तुमी पाहा. काय काय चुकलं ते मले आणून द्या. माल तुमचा, अडत माही. फोन मी करतो."

"तक्रार कशाला हवी? नुसतं बोला की त्याच्याशी."

"काय बोलू?" त्यांनी खरोखरच विचारलं.

अशी मला आयुष्यातली सर्वांत अवघड नोकरी लागली. शनिवारी त्यांच्याच खुर्चीशेजारी बसून मी सिनेमा पाहायचो आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायचो. ते डोळे मिटून ऐकत. माझ्या बहुतेक तक्रारी ते नापास करत. "गुरुत्वाकर्षण म्हणू नका, सर. पोट्टं हसन. पडताना कसं पडलं ते सांगा. भोपळ्यावाणी की पालकावाणी?"

"पालकासारखं."

"हां. हे जमलं." मग रविवारी तेच फोनवर त्यांच्या भाषेत निघे, आणि पलीकडून पंकज वाद घालायला लागला की गुणवंतभाऊ अंग सैल सोडून खुर्चीत मागे रेलत. काही महिने धंदा बरा चालला. थेंब मी घालत होतो. उजवा डोळा जवळजवळ गेला होता, डाव्यात भोक होतं, आणि ते भोक थोडं थोडं शिवलं जात होतं. ते त्याबद्दल बोलत नसत. फक्त संध्याकाळ झाली की घरातले सगळे दिवे लावून ठेवत.

आणि मला माझ्या नजरेचा अभिमान वाटू लागला. एका सिनेमात लाल ग्रह होता. त्यावर एक उंच डोंगर. मी पाहिलं आणि ताठ बसलो. "भाऊ, सापडलं. डोंगर खोटा आहे. सूर्य डावीकडे आणि सावली भलतीकडे. थर्माकोलचा वाटतो."

"डोंगर?" त्यांनी मान तिरकी केली. "नक्की? डोंगराले एकदम खोटं म्हणू नये."

"शंभर टक्के. भाऊ, मी फिजिक्सचा माणूस आहे. सावली म्हणजे माझं घर."

रविवारी सकाळी त्यांनी फोन खुर्चीच्या हातावर ठेवला, स्पीकर लावला. "ऐक, तुमचा माल बरोबर नाही. त्या लाल ग्रहाचा डोंगर कोणं केला? सूर्य एकीकडं, सावली भलतीकडं. थर्माकोल आहे."

पलीकडून नेहमीसारखं उसळून उत्तर आलं नाही.

"बाबा, तो डोंगर खरा आहे," पंकज म्हणाला. "वाळवंटात जाऊन खरं शूटिंग केलंय. त्या सीनला कुणी हातही लावलेला नाही."

गुणवंतभाऊंनी तोंड माझ्याकडे वळवलं. थोडं चुकलं, ते खिडकीकडे गेलं. "असन. मले तसा दिसला."

"रोहिणखेडहून माल भरून घाट चढताना तुम्ही मला ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर घेऊन बसायचे. ऊन आलं की कोणत्या डोंगराची सावली कुठल्या वळणावर पडते ते आधी सांगायचे. तुम्ही दुसरं काहीही चुकाल, बाबा. डोंगर नाही चुकणार."

"म्हातारा झालो ना."

"हे सरांचं आहे, ना? बरेच दिवस झाले, मधूनमधून सरच बोलतात तुमच्या तोंडून. मी म्हटलं, असेल, संगत आहे." तो थांबला. "बाबा, डोळ्यांना काय झालंय?"

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलो. बाहेर भंगारवाला ओरडत गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"काही नाही," गुणवंतभाऊ म्हणाले. "थेंब चालू आहेत."

"कधीपासून?"

"चालू आहेत ना. झालं."

पंकज पुण्याला गेल्यापासून बापाशी पुण्याच्या मराठीत बोलायचा. त्यावरूनही त्यांची भांडणं झाली होती. आता तो म्हणाला, "मी येऊन राह्यलो, बाबा."

"येऊ नको. कामं असतीन."

"येऊन राह्यलो. उद्या सकाळी पोहोचतो," आणि फोन बंद झाला.

गुणवंतभाऊंनी फोन चाचपून उचलला, उलटा करून मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा रागाचा होता की कशाचा, ते मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "भाऊ, माझ्यामुळे झालं. पण ती सावली खरंच…"

ते उठले. भिंतीला हात लावत आतल्या खोलीकडे निघाले, जिथे माळ्यावर पंकजची गादी गुंडाळून ठेवलेली असते. उन्हात टाकायला हवी होती, बरीच वर्षं ती काढलीच नव्हती. मी धावत पुढे झालो आणि म्हणालो, तुम्ही थांबा, मी काढतो.

"तुमी बसा, सर," ते म्हणाले. "तुमाले माह्यापक्षा कमी दिसते."